घटनेचे दार आणि दारापर्यंतची वाट

दरवर्षी 26 नोव्हेंबरला आमच्या कर्जत-खालापूर परिसरातील शाळांच्या पटांगणांत, बुद्धविहारांत आणि ग्रामपंचायतींच्या आवारांत संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते. 14 एप्रिलला गावोगाव मिरवणुका निघतात. 6 डिसेंबरला कर्जत आणि खोपोलीहून सुटणाऱ्या लोकल चैत्यभूमीकडे निघालेल्या माणसांनी भरून जातात. ही जागृती सामान्य नव्हे. तीमागे तीन पिढ्यांचे कष्ट आहेत. परंतु उद्देशिका मुखोद्गत असलेल्या आपल्या समाजाला एक साधा प्रश्न विचारला, तर सभेत शांतता पसरते. विधिमंडळाने केलेला कायदा संविधानाशी विसंगत असेल, तर तो रद्द कोण करतो? कोणाच्या अर्जावरून करतो? आणि असे अर्ज आजवर प्रामुख्याने कोणी केले? शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाचा इतिहास माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवावा, आणि त्या इतिहासातून शाळेसाठी निघणारे एक कार्य सुचवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कायदेमंडळाचा कायदा संविधानाच्या कसोटीवर घासून पाहण्याच्या न्यायालयाच्या अधिकारास न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणतात. त्याविषयी आपल्या समाजात दोन टोकांची मते ऐकू येतात. पहिले मत असे की, संविधान आहे, सर्वोच्च न्यायालय आहे, तेव्हा आपल्या हक्कांना धक्का लागणार नाही. लागलाच तर न्यायालय पाहून घेईल. दुसरे मत असे की, न्यायाच्या आसनांवर वर्षानुवर्षे एकाच थरातील माणसे बसत आली. त्यांच्याकडून अपेक्षा करणेच व्यर्थ. पहिल्या मतात भाबडेपणा आहे, दुसऱ्यात निराशा आहे, आणि दोन्ही मते माणसाला घरी बसवतात. इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्हांस या दोन्हींपैकी एकही मान्य करता येत नाही.

या अधिकाराचा उगम अमेरिकेत झाला, आणि तोही एका क्षुल्लक वाटणाऱ्या नेमणुकीच्या वादातून. 1800 च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स पराभूत झाले. पद सोडण्यापूर्वी त्यांनी घाईघाईने अनेक न्यायाधिकारी नेमले. विल्यम मार्बरी हे त्यांपैकी एक. त्यांच्या नेमणूकपत्रावर सही झाली, मोहोर उठली, पण पत्र त्यांच्या हाती पडले नाही. नवे राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांचे परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांनी ते अडवून धरले. मार्बरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे सरन्यायाधीश होते जॉन मार्शल, म्हणजे जुन्या सरकारात परराष्ट्रमंत्री असताना ज्यांनी ती पत्रे वेळेत पाठवायला हवी होती तेच गृहस्थ! 24 फेब्रुवारी 1803 रोजी मार्शल यांनी निकाल दिला. मार्बरी यांना पत्र मिळण्याचा हक्क आहे, असे त्यांनी मान्य केले. परंतु 1789 च्या ज्या कायद्याच्या आधारे ते थेट सर्वोच्च न्यायालयात आले, त्या कायद्याचे ते कलमच संविधानाच्या विरुद्ध, म्हणून निरर्थक ठरवले. मार्बरी हरले. न्यायालयाने मात्र एक असा अधिकार स्वतःकडे घेतला, की जो अमेरिकेच्या संविधानात शब्दांनी कोठेही लिहिलेला नव्हता. संविधान हा सर्वश्रेष्ठ कायदा आहे आणि कायदा काय आहे हे सांगणे न्यायाधीशाचे काम आहे, एवढ्या दोन पायऱ्यांवर तो अधिकार उभा राहिला.

हा प्रसंग पाठ्यपुस्तकांत मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. पुढचे पान मात्र सहसा उलटले जात नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय कायदा रद्द करण्यासाठी हे शस्त्र दुसऱ्यांदा उपसले ते चोपन्न वर्षांनी, 1857 साली, आणि ते एका गुलामाविरुद्ध. ड्रेड स्कॉट नावाच्या कृष्णवर्णीय गुलामाला त्याच्या मालकाने गुलामगिरीस बंदी असलेल्या प्रदेशात नेऊन ठेवले होते. त्या आधारावर त्याने स्वातंत्र्याचा दावा केला. सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी सांगितले की, आफ्रिकी वंशाचा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, म्हणून त्यास दावा करण्याचा अधिकार नाही. आणि काही प्रदेशांत गुलामगिरीस मनाई करणारा संसदेचा कायदा मालकांच्या मालमत्तेवर घाला घालतो, म्हणून तो घटनाबाह्य आहे. चार वर्षांत तेथे यादवी युद्ध पेटले. युद्धानंतर 1865 ते 1870 या काळात संविधानात तीन दुरुस्त्या होऊन गुलामगिरी संपली, नागरिकत्व आणि मताचा हक्क मिळाला. संसदेने 1875 साली कायदा करून खाणावळी, नाट्यगृहे आणि सार्वजनिक वाहने यांतील वर्णभेदास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने 1883 साली ती बंदी रद्द केली. 1896 च्या प्लेसी खटल्यात रेल्वेचे वेगळे डबे वैध ठरले. ‘वेगळे पण समान’ हे नाव घेऊन अस्पृश्यताच कायदेशीर झाली.

1913 ते 1916 या वर्षांत बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा प्लेसीचा निकाल अमेरिकेत जिवंत कायदा होता. बाबासाहेबांचा अमेरिकन संविधानाचा अभ्यास वरवरचा नव्हता. 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी अमेरिकेतील 1866 आणि 1875 च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला. म्हणजे तेथील न्यायालयाने जे निकामी करून टाकले होते, ते येथे संविधानाच्या पोटातच घालून ठेवावे, की न्यायालयालाही त्याला हात लावता येऊ नये, असा त्यांचा विचार होता.

अमेरिकेचा धडा त्यांनी ग्रंथांतून घेतला. भारतीय न्यायालयाचा धडा मात्र त्यांनी आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, प्रतिवादी म्हणून उभे राहून घेतला. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या मुलामुलींना ठाऊक असतो. चवदार तळ्याचा खटला फार थोड्यांना ठाऊक असतो. 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले झाले. महाड नगरपालिकेने 1924 च्या जानेवारीत तसा ठराव केला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यावर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला, तेव्हा महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी 12 डिसेंबरला दिवाणी दावा ठोकला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाणे मात्र बाबासाहेबांनी स्थगित केले. न्यायालयाचा हुकूम मोडायचा नाही आणि न्यायालयातला लढा सोडायचाही नाही, असा तो निर्णय होता. रागाने पेटलेल्या जनसमुदायाला हे समजावणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

मनाई हुकूम फेब्रुवारी 1928 मध्ये उठला. महाडच्या न्यायालयाचा निकाल 1931 साली लागला, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाचा 1933 साली, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा 17 मार्च 1937 रोजी. तिन्ही ठिकाणी बाबासाहेबांचा पक्ष विजयी झाला. पाणी पिऊन कायदेशीर शिक्कामोर्तब होण्यास दहा वर्षे लागली. उच्च न्यायालयाच्या खंडपीठावर न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते, 1922 साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. आता हा विजय कोणत्या मुद्द्यावर मिळाला, हे नीट पाहिले पाहिजे. अस्पृश्यता अन्याय्य आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. तसे म्हणण्यास त्याच्यापाशी कायद्याचा आधारच नव्हता. तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून त्यांचे अपील फेटाळले गेले. उद्या कोण्या गावच्या लोकांनी रूढीचा भक्कम पुरावा आणला असता, तर? माणसाचा पाण्यावरचा हक्क असा पुराव्याच्या काठावर लोंबकळत होता. न्यायाधीश निःपक्षपाती असला तरी त्याच्या हाती हक्कांची सनद नसेल, तर तो काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

हे ध्यानी ठेवून संविधानाचा तिसरा भाग उघडावा. अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते हे शब्द आहेत. जगातील संविधानांत ‘तलाव’ हा शब्द मूलभूत हक्कांच्या प्रकरणात सहसा आढळायचा नाही. आपल्या संविधानात तो आहे, कारण आपल्या जिल्ह्यातील एक तळे दहा वर्षे कोर्टकचेरीत अडकले होते. अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली, आणि अनुच्छेद 13 ने स्पष्ट लिहून ठेवले की मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता शून्यवत होईल. त्या अनुच्छेदातील ‘कायदा’ या शब्दात रूढीचाही समावेश केला. जॉन मार्शल यांनी निकालातून जे उभे केले, ते आपल्याकडे मुळातच लेखी आले. त्याला बळ देणारा अनुच्छेद 32 हा. हक्क हिरावला गेला तर नागरिकाने थेट सर्वोच्च न्यायालयात जावे, आणि तसे जाणे हाच एक मूलभूत हक्क. 9 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी याच तरतुदीस संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले.

असे असूनही न्यायाधीशांच्या हाती सर्व सत्ता द्यावी, असे त्यांचे मत नव्हते. ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही. अमेरिकन संविधानात ‘कायद्याची उचित प्रक्रिया’ असा शब्दप्रयोग आहे. त्याचा मनमुराद अर्थ लावून तेथील न्यायालयाने 1905 साली बेकरीतील कामगारांच्या कामाचे तास दिवसाला दहापर्यंत मर्यादित करणारा कायदाही रद्द केला होता. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत जाऊन तेथील न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले, आणि आपल्या मसुद्यातून तो शब्दप्रयोग गेला. त्याऐवजी ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द आले. 13 डिसेंबर 1948 च्या चर्चेत बाबासाहेबांनी दोन्ही धोके सभेपुढे मांडले. बहुमताच्या जोरावर विधिमंडळ हक्क तुडवील हा एक धोका. आणि न्यायासनावरील पाच-सहा माणसे आपल्या पूर्वग्रहानुसार विधिमंडळाचे चांगले कायदेही बुडवतील हा दुसरा. पुढे अटकेपासून संरक्षण देणारा अनुच्छेद 22 त्यांनी स्वतः पुढे आणला. न्यायालयावर श्रद्धा किंवा न्यायालयाचा तिटकारा, या दोन्ही गोष्टी त्यांच्या लेखनात सापडत नाहीत. कोणत्याही सत्तेला मोकळे सोडू नये, हा त्यांचा दृष्टिकोन होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दार बांधले गेले. त्या दारापाशी प्रथम कोण पोहोचले? संविधान लागू होऊन काही महिने होतात न होतात, तोच मद्रासमधील जातनिहाय प्रवेशवाटपाच्या सरकारी आदेशाविरुद्ध चंपकम दोराईराजन यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. 9 एप्रिल 1951 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. बिहारच्या जमीनदारांनी जमीनदारी निर्मूलनाचा कायदा पाटणा उच्च न्यायालयात पाडून घेतला. मूलभूत हक्कांचे शस्त्र प्रथम ज्यांच्या हाती गेले, ते शिक्षणात आणि जमिनीत आधीच वरचढ असलेले लोक होते. 1951 च्या जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. बाबासाहेब तेव्हा कायदेमंत्री होते. मागासवर्गांसाठी विशेष तरतूद करू देणारा अनुच्छेद 15 चा चौथा खंड, जमीन सुधारणांना संरक्षण देणारा अनुच्छेद 31-अ आणि नववी अनुसूची, हे सर्व तिच्यातून आले. त्या अनुसूचीत आरंभी अवघे तेरा कायदे होते. त्यांत मुंबईचा 1948 चा कूळ कायदा होता, आणि खोती निर्मूलनाचा कायदाही होता. चरीच्या शेतकऱ्यांचा संप चालू असताना, 1937 साली, मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनीच मांडले होते, आणि तेव्हाच्या सरकारने ते पुढे सरकू दिले नव्हते. चौदा वर्षांनी त्या लढ्याचे फळ संविधानाच्या कवचाखाली गेले.

कूळ कायद्याची कथा तर आमच्या भातशेतीच्या तालुक्यांची स्वतःची आहे. 1956 च्या दुरुस्तीने ठरवले की, 1 एप्रिल 1957 या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार झाले असे मानावे. जमीनमालक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि गेले ते अनुच्छेद 32 खाली! ज्या तरतुदीस बाबासाहेबांनी संविधानाचे हृदय म्हटले, तिच्याच आधारे कुळांची जमीन रोखण्याचा प्रयत्न झाला. 1958 साली श्रीराम राम नारायण मेढी खटल्यात न्यायालयाने अनुच्छेद 31-अ कडे बोट दाखवून कायदा वैध ठरवला. दिल्लीत कुळे जिंकली.

गावात काय झाले? त्याच कायद्याच्या कलम 32-ग नुसार किंमत ठरवण्यासाठी कुळाला नोटीस निघे. कूळ नेमल्या तारखेस हजर राहिले नाही, किंवा जमीन घ्यायची नाही असा जबाब त्याने दिला, तर खरेदी निष्फळ ठरवण्याची तरतूद होती. नोटीस वाचता न येणाऱ्या, मालकाच्याच अंगणात कर्जासाठी उभे राहणाऱ्या माणसाकडून असा जबाब मिळवणे किती सोपे होते, हे सांगण्याची गरज नाही. कर्जत आणि खालापूरच्या ज्या वाड्यांतून आपल्या शाळेत मुले येतात, तेथील वृद्धांना विचारावे. सर्वोच्च न्यायालयात टिकलेला कायदा तालुक्याच्या कचेरीत एका अंगठ्याने हरतो. दिल्लीतील निकाल आणि गावातील फेरफार यांच्यामध्ये वाचता येणारा माणूस हवा असतो. तो तेव्हा आपल्याकडे नव्हता.

ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या समाजांच्या जमिनींचेही असेच. 1957 ते 1974 या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ आदिवासी मालकांना परत देण्याचा कायदा महाराष्ट्राने 1974 साली केला. जमिनी घेतलेल्यांनी त्यास आव्हान दिले. लिंगप्पा पोचन्ना विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1984 मध्ये तो कायदा वैध ठरवला. दुर्बलाकडून असमान सौद्यात गेलेली जमीन परत करणे हा वितरणात्मक न्याय आहे, हा विचार न्यायालयाने उचलून धरला. जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ नुसार आजही आदिवासीची जमीन मंजुरीशिवाय बिगर आदिवासीला विकत घेता येत नाही. महार वतनाच्या पुन्हा दिलेल्या जमिनींचेही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर होऊ शकत नाही. मुंबईकरांच्या फार्महाऊसांनी आणि गृहप्रकल्पांनी आपल्या दोन्ही तालुक्यांतील जमिनीचा भाव चढत असताना या दोन नियमांची माहिती ज्याच्या घरी आहे त्याचे, आणि ज्याच्या घरी नाही त्याचे, भवितव्य एकच असणार नाही.

न्यायालय पाहून घेईल, असे म्हणणाऱ्यांना आम्ही 28 एप्रिल 1976 ची आठवण देऊ. आणीबाणीत मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे न्यायालयात जाण्याचे हक्क मान्य केले होते. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते उलटवले. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले, आणि पुढे त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास देण्यात आले. ती चूक जनतेने 1977 च्या मतपेटीतून आणि संसदेने 1978 च्या घटनादुरुस्तीने सुधारली. न्यायालय त्यांचेच, असे म्हणणाऱ्यांना आम्ही 1980 च्या दशकाच्या आरंभाची आठवण देऊ. दगडखाणींतील वेठबिगारांविषयी बंधुआ मुक्ती मोर्चाने पाठवलेले साधे पत्र याचिका म्हणून स्वीकारले गेले, आणि वेठबिगारांच्या मुक्ततेचे आदेश निघाले. वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेल्या कातकरी कुटुंबाला तो निकाल आजही उपयोगी आहे. मात्र पत्र लिहिणारा कोणी हवा.

एक आक्षेप गंभीर आहे. न्यायाधीश निवडून आलेले नसतात. मग बहुमताने केलेला कायदा त्यांनी का रद्द करावा? 1973 च्या केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा मतांनी संसदेच्या घटनादुरुस्तीलाही मर्यादा घातली गेली. एका मताच्या फरकाने एवढा मोठा सिद्धान्त ठरावा, आणि तोही मूळ जमीन सुधारणेविरुद्ध आलेल्या एका मठाधिपतीच्या याचिकेत, हे लोकशाहीवादी मनाला खटकते. आम्हांसही खटकते. तरीही आमचे मत त्या मर्यादेच्या बाजूचे आहे. आपला समाज या देशात कधीही संख्येने बहुमत होणार नाही. ज्याला बहुमत मिळण्याची आशा नाही, त्याला मतपेटीबाहेरचे एक दार लागते. त्या दारातून बलवान लोकही आत येतात म्हणून दार बंद करणे शहाणपणाचे नाही; आपली माणसे तेथे मोठ्या संख्येने पोहोचवणे शहाणपणाचे आहे.

येथे अमेरिकेच्या इतिहासाचा उत्तरार्ध सांगितला पाहिजे, कारण तो एका शाळेचा इतिहास आहे. वॉशिंग्टन येथे कृष्णवर्णीयांसाठी हॉवर्ड विद्यापीठ होते. त्याच्या विधी महाविद्यालयाची धुरा 1930 च्या सुमारास चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन या कृष्णवर्णीय वकिलाने घेतली. केवळ पदवीधर काढणे त्यांना मंजूर नव्हते. समाजासाठी लढणारे, पुराव्यात आणि कायद्यात कोठेही कमी न पडणारे वकील घडवावेत, म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांवर कठोर मेहनत लादली. मेरीलँड विद्यापीठाचे दार वर्णामुळे बंद असलेला थर्गुड मार्शल नावाचा तरुण तेथून 1933 साली पहिल्या क्रमांकाने बाहेर पडला. पुढल्या दोन-तीन वर्षांतच गुरुशिष्यांनी त्याच मेरीलँड विद्यापीठाला एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास प्रवेश देणे भाग पाडले. 1938 साली मिझुरीचा, 1950 साली टेक्ससचा विधी महाविद्यालयातील प्रवेशाचा खटला जिंकला. प्लेसीच्या भिंतीचा एकेक दगड काढत, 17 मे 1954 रोजी ब्राऊन खटल्यात नऊही न्यायाधीशांच्या एकमताने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. ह्यूस्टन तो दिवस पाहण्यास जिवंत नव्हते. 1950 सालीच ते निवर्तले होते. थर्गुड मार्शल 1967 मध्ये त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. ब्राऊनचा निकाल नऊ न्यायाधीशांनी लिहिला, पण त्याची तयारी एका महाविद्यालयाच्या वर्गात वीस वर्षे चालली होती.

आपल्याकडे 2025 च्या मे महिन्यात अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई सरन्यायाधीश झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध. आपल्या वस्त्यांत त्या दिवशी आनंद झाला, तो योग्यच होता. परंतु आसनावर एक माणूस असणे आणि त्या आसनापुढे आपली बाजू मांडणारे शेकडो वकील असणे, या दोन गोष्टींत अंतर आहे. न्यायाधीश सहसा स्वतःहून खटला आणत नाही. महाडचे प्रकरण दहा वर्षे चालले, कारण बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते, आणि तारखांना कंटाळून घरी बसणारे नव्हते.

म्हणून आमची या शाळेच्या संचालकांस आणि माजी विद्यार्थ्यांस विनंती अशी आहे. उद्देशिकेचे वाचन चालू ठेवावे, पण तेथे थांबू नये. नववी-दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने चवदार तळ्याचा निकाल, चंपकम आणि पहिली घटनादुरुस्ती, मेढी, आणि लिंगप्पा पोचन्ना, एवढी चार प्रकरणे सोप्या मराठीत वाचावीत आणि त्यांवर वर्गात वाद घालावा. न्यायालय चुकले असे वाटले तर तसे निर्भयपणे लिहावे. शाळा सोडून जाताना प्रत्येकास सातबारा, फेरफार आणि नोटीस वाचता आली पाहिजे. सुट्टीत घरी गेल्यावर त्याने आपल्या वाडीचे कागद वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावेत. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींस आणि सर्व स्त्रियांस उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, हे 1987 च्या कायद्यात आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज कसा करावा, हे मुलांनी प्रत्यक्ष लिहून शिकावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे वकील झाले आहेत, त्यांनी महिन्याचा एक रविवार शाळेला द्यावा. माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मलेले हुतात्मा भाई कोतवाल हे वकील होते, आणि त्यांनी आपली विद्या याच कर्जत भागातील शेतकऱ्यांच्या कामी लावली. हा वारसा आपल्या मातीतला आहे. जे नोकरी-व्यवसायात स्थिरावले आहेत, त्यांनी बारावीनंतर कायद्याकडे वळणाऱ्या मुला-मुलींच्या पाच वर्षांच्या शिक्षणाचा भार वाटून घ्यावा. आपल्याकडे डॉक्टर, अभियंता, बँकेतील अधिकारी होण्याचे स्वप्न घरोघर आहे, आणि ते चांगलेच आहे. त्यात वकिलीची भर पडावी. तीत मुली अधिक असाव्यात. वर्षाला दोन विद्यार्थी एवढाच संकल्प केला, तरी पंधरा वर्षांत तीस वकील होतात, आणि तीस वकील असलेल्या दोन तालुक्यांत अंगठा घेऊन जमीन नेणे सोपे राहणार नाही.

भगवान बुद्धांनी आपल्या शिष्यांना स्वतःचा दीप स्वतः होण्यास सांगितले. संविधानाच्या बाबतीत त्या उपदेशाचा व्यावहारिक अर्थ आमच्या मते एवढाच आहे, की आपला हक्क आपल्याला वाचता यावा, लिहिता यावा आणि न्यायाधीशापुढे उभे राहून बोलता यावा. कर्जतहून मुंबईचे उच्च न्यायालय रेल्वेने शंभर किलोमीटर आहे. रोज पहाटे आपल्याच वस्त्यांतून हजारो माणसे तेवढा प्रवास पोटासाठी करतात. त्या गाडीत या शाळेतून निघालेला, हातात खटल्याची फाईल असलेला एकेक मुलगा, एकेक मुलगी दरवर्षी वाढत जावी, ही या वर्धापन प्रसंगी आमची सदिच्छा. जयभीम.